हर्ड बेटावरची बाउडिसिन हिमनदी आणि तिचं नाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे बेट आहे तरी कुठे?

मालवणच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभे राहा आणि डावीकडे, अगदी सरळ दक्षिणेला वळा. आता नाकासमोर निघायचं. मालदीवची बेटं लागतील, विषुववृत्त मागे पडेल, आणि मग फक्त पाणी. साडेसात हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापलं की 53 अंश दक्षिण अक्षांशावर ढगात डोकं खुपसून बसलेला एक ज्वालामुखी समोर येतो. तेच हर्ड बेट. रेखावृत्तांच्या हिशेबात ते साधारण खोपोली ते पुणे एवढ्या पट्ट्यात बसतं. नकाशावर हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पट्टी ठेवून दोनदा खात्री केली होती.

बेट ऑस्ट्रेलियाचं आहे, पर्थपासून सुमारे 4100 किलोमीटर नैर्ऋत्येला. क्षेत्रफळ 368 चौरस किलोमीटर, वस्ती शून्य.

हे नाव आम्ही अलीकडेच बातम्यांत ऐकलं. कशाबद्दल होतं ते?

2 एप्रिल 2025 ला अमेरिकेने जगभरच्या मालावर आयातशुल्क जाहीर केलं, त्या यादीत हर्ड आणि मॅकडोनल्ड बेटांवर 10 टक्के लावले होते. तिथून निर्यात करायला पेंग्विन आणि सील सोडून कोणी नाही. आठवडाभर पेंग्विनांचे विनोद फिरले, मग लोक विसरले. आमच्याकडे येणारे प्रश्न मात्र तेव्हापासून वाढले.

हिमनदी म्हणजेच हिमनग का?

नाही. जमिनीवरून हळूहळू सरकणारा बर्फाचा प्रवाह म्हणजे हिमनदी. तिचा तुकडा तुटून समुद्रात तरंगायला लागला की तो हिमनग. वर्तमानपत्रांत हा घोळ नेहमीचा आहे.

53 अंश म्हणजे काही ध्रुव नव्हे. मग एवढा बर्फ कसा?

प्रश्न रास्त आहे. उत्तर गोलार्धात मँचेस्टर जवळपास याच अक्षांशावर आहे आणि तिथे ओल्ड ट्रॅफर्डवर क्रिकेट चालतं. हर्डचं दुर्दैव असं की ते अंटार्क्टिकाच्या थंड पाण्याच्या वेढ्यात आहे. त्यातून मधोमध बिग बेन नावाचा ज्वालामुखी. त्याचं शिखर, मॉसन पीक, 2745 मीटर. या अक्षांशांत पश्चिमी वारे वर्षभर घोंघावतात आणि हजारो किलोमीटरवर त्यांना अडवणारं दुसरं काही नाही. सह्याद्री मोसमी वाऱ्यांचं जे करतो तेच बिग बेन या वाऱ्यांचं करतो, फक्त पावसाच्या जागी बर्फ पडतो.

उतार तीव्र आणि वरून भरणा सतत, म्हणून इथल्या हिमनद्या पातळ आणि चपळ. हिमालयातल्या लांबलचक हिमनद्यांसारख्या त्या दऱ्यांतून पसरत नाहीत, शिखरापासून समुद्राकडे जवळजवळ सरळ उतरतात. आणि हे सगळं जिवंत ज्वालामुखीच्या अंगावर. अधूनमधून शिखरावरून लाव्हा ओघळतो आणि उपग्रहांच्या चित्रांत पांढऱ्यावर लाल ठिपका दिसतो.

बाउडिसिन हिमनदी त्यातली कोणती?

उत्तरेकडची. बिग बेनच्या उतारावरून निघून ती कोरिंथियन उपसागराकडे येते. बेटावरची ती सगळ्यात मोठी नाही आणि सगळ्यात प्रसिद्धही नाही. तरी आम्ही तिच्यापासून सुरुवात करतो, कारण इथली नावं कशी पडली हे तिच्या नावातून चांगलं उलगडतं.

नाव कोणी दिलं?

एरिख फोन ड्रिगाल्स्की या जर्मन भूगोलतज्ज्ञाने, 1902 मध्ये. त्याआधी तो ग्रीनलंडमध्ये बर्फाचा अभ्यास करून आला होता, म्हणजे हिमनदी म्हणजे काय हे त्याला पक्कं कळत होतं. ‘गाउस’ जहाजातून तो पहिली जर्मन दक्षिण ध्रुव मोहीम घेऊन निघाला होता आणि वाटेत 3 फेब्रुवारी 1902 ला हर्डवर उतरला. मुक्काम एका दिवसाचा. तेवढ्यात दगड, झाडोरा, पक्षी जमेल ते पाहिलं, नोंदलं आणि काही नावं ठेवून दिली.

पुढे अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यापाशी ‘गाउस’ बर्फात अडकलं, ते जवळपास वर्षभर. सुटकेसाठी जी युक्ती केली ती मला फार आवडते. जहाजापासून मोकळ्या पाण्यापर्यंत बर्फावर राख आणि कचऱ्याचा काळा पट्टा पसरला. काळ्या रंगाने ऊन शोषलं, तिथला बर्फ लवकर वितळला आणि फेब्रुवारी 1903 मध्ये वाट फुटली.

हे बाउडिसिन कोण? त्यांनी ही हिमनदी पाहिली होती का?

फ्रीडरिख फोन बाउडिसिन, जर्मन आरमारातले अधिकारी, पुढे अ‍ॅडमिरल. 1908-09 मध्ये ते आरमाराच्या मुख्यालयाचे प्रमुख होते. मोहिमेबरोबर ते आलेले नव्हते. गंमत पाहा, ज्या फेब्रुवारीत ड्रिगाल्स्की हर्डच्या काळ्या वाळूवर फिरत होता, त्याच महिन्यात बाउडिसिन कैसरची, म्हणजे जर्मन सम्राटाची, शाही नौका ‘होहेनझोलर्न’ घेऊन न्यूयॉर्कमध्ये होते, राजपुत्र हाइनरिखच्या अमेरिका दौऱ्यासाठी.

मोहिमा पैशावर चालतात आणि पैसा, जहाजं, शिफारशी देणाऱ्यांची नावं नकाशावर चढतात. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव कोरतात, तसाच प्रकार. पायरी झिजते. इथे बर्फ.

मोहिमेतल्या कोणाच्याच वाट्याला नाव आलं नाही का?

आलं की. बेटाच्या पश्चिमेला केप गॅझर्ट आहे, तो ‘गाउस’वरचे डॉक्टर हान्स गॅझर्ट यांच्या नावाचा. आणि त्याच बाजूला एक हिमनदी आहे, ती जहाजावरचे अधिकारी रिचर्ड फाझेल यांच्या नावाची.

या फाझेलची पुढची कथा विलक्षण आहे. 1911 मध्ये विल्हेल्म फिल्शनरच्या मोहिमेत तो ‘डॉइचलँड’ जहाजाचा कप्तान होऊन पुन्हा दक्षिणेला गेला. वेडेल समुद्राच्या तळाशी त्यांनी बर्फावर छावणी उभारायला घेतली आणि भरतीने तो बर्फच सुटून हिमनग होऊन निघाला. सामान वाचवता वाचवता पुरेवाट झाली. कप्तान आणि मोहिमेचा प्रमुख यांचं आपसात अजिबात पटत नव्हतं. जहाज बर्फात गोठलेलं असतानाच ऑगस्ट 1912 मध्ये फाझेल आजाराने गेला आणि त्याला तिथेच समुद्रात पोहोचवावं लागलं. भांडण असूनही तिथल्या उपसागराला फिल्शनरने त्याचंच नाव दिलं. हाच तो फाझेल उपसागर, जिथे ब्रिटिश मोहीमकार शॅकल्टनला आपलं ‘एन्ड्युरन्स’ जहाज न्यायचं होतं आणि जिथे पोहोचण्याआधीच, जानेवारी 1915 मध्ये, ते बर्फात अडकलं.

तर हर्डवरची फाझेल हिमनदी म्हणजे या माणसाचं नकाशावरचं पहिलं पाऊल. तेव्हा तो बोटीवरचा एक अधिकारी होता, इतकंच.

‘वाहसेल’ लिहायचं की ‘फाझेल’?

आम्ही फाझेल लिहितो. जर्मनमध्ये व्ही अक्षराचा उच्चार बहुतेक वेळा ‘फ’ होतो, फोक्सवागन आठवा. इंग्रजी बोलणारे ऑस्ट्रेलियन लोक आपल्या पद्धतीने म्हणतात आणि त्यात वावगं काही नाही, जागा त्यांच्या ताब्यात आहे. 

त्याआधी या हिमनदीला दुसरं नाव नव्हतं का? स्थानिक नाव?

स्थानिकच नव्हते. एकोणिसाव्या शतकाआधी या बेटावर माणूस राहिल्याची खूण नाही. लाहौलमध्ये छोटा शिग्री, बडा शिग्री म्हणतात तेव्हा त्यातला शिग्री हा तिथल्या माणसांचा बर्फासाठीचा शब्द असतो. हर्डवर असा जुना शब्द नाही.

बेटाची नोंद 25 नोव्हेंबर 1853 ला ‘ओरिएंटल’ जहाजाचा कप्तान जॉन हर्ड याने केली. तो बॉस्टनहून मेलबर्नला चालला होता. पाऊल मात्र 1855 मध्ये पडलं, ‘कोरिंथियन’चा कप्तान इरॅस्मस डार्विन रॉजर्स याचं. हे सील मारणारे लोक. हत्ती-सीलची चरबी कढवून तेल काढायचं आणि पिंपं भरून अमेरिकेला न्यायचं हा त्यांचा धंदा, आणि त्यांनी दिलेली नावंही धंद्यातली. जहाज ‘कोरिंथियन’ म्हणून कोरिंथियन उपसागर. सोबतची छोटी बोट ‘अ‍ॅटलस’ म्हणून अ‍ॅटलस कोव्ह. एका टोकाचं नाव तर ऑइल बॅरल पॉइंट, म्हणजे तेलाच्या पिंपाचं टोक. कुणाचा सन्मान वगैरे भानगड नाही. कुठे काय आहे हे दुसऱ्याला सांगता आलं की काम झालं.

हिमनद्या त्यांच्यासाठी शुद्ध अडचण होत्या. प्रत्येक पुळणीच्या दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती, त्यामुळे एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर जाणं जिवावरचं. दक्षिणेकडच्या लाँग बीचवर सील भरपूर, पण लाटांमुळे बोट लागत नसे. मग तिथे माणसं ठेवून सीलना पाण्यात परत हाकललं जाई, म्हणजे ते दुसऱ्या, सोयीच्या किनाऱ्यावर चढतील. थंडीत, दगड-मातीत खोदलेल्या खोपटात राहून हे काम करणाऱ्यांची नावं एकाही हिमनदीला नाहीत.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मन नावं बदलली नाहीत का?

इथे खरी मौज आहे. दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याने 1917 मध्ये कायदा करून 69 जर्मन गावनावं बदलली. अ‍ॅडलेडजवळचं हानडॉर्फ ‘अँबलसाइड’ झालं आणि 1935 मध्ये पुन्हा हानडॉर्फ. तेव्हा हर्ड ब्रिटनचं मानलं जाई. ब्रिटनने ते 26 डिसेंबर 1947 ला ऑस्ट्रेलियाकडे सोपवलं, म्हणजे दुसरं महायुद्ध संपून जेमतेम दोन वर्षं झाली होती. तरी कैसरच्या अ‍ॅडमिरलचं नाव तसंच राहिलं. माझा तर्क साधा आहे: जिथे पत्र येत नाही, रेल्वे थांबत नाही आणि पाटी लावायला खांब नाही, तिथल्या नावाचा राग कोणाला येणार?

ऑस्ट्रेलियन लोकांनी मग कोणती नावं दिली?

1947 च्या डिसेंबरात आरमाराच्या एलएसटी 3501 जहाजातून पहिली तुकडी उतरली आणि अ‍ॅटलस कोव्हला तळ पडला. तो 1955 पर्यंत चालला. दर वर्षी नवी माणसं यायची: हवामान मोजणारे, रेडिओवाले, डॉक्टर, जीवशास्त्रज्ञ, कुत्रे सांभाळणारे. फिरता फिरता त्यांनी बेटाचा नकाशा काढला आणि मोकळ्या जागांना नावं पडत गेली.

ही यादी वाचताना तळावरचं हजेरीपुस्तक चाळतोय असं वाटतं. जॅका हिमनदी ही 1948 च्या तुकडीतल्या भौतिकशास्त्रज्ञाची. पूर्वेकडची ब्राउन हिमनदी 1951 मध्ये तिथे राहिलेल्या जीवशास्त्रज्ञाची. स्टीफन्सन हिमनदी 1963 मध्ये आलेल्या भूशास्त्रज्ञ जॉन स्टीफन्सनची. त्याआधी तो अंटार्क्टिका आरपार ओलांडणाऱ्या मोहिमेत होता. डीकॉक हिमनदी वॉरविक डीकॉकची. त्याने ‘पटनेला’ नावाच्या शिडाच्या बोटीतून माणसं आणून जानेवारी 1965 मध्ये मॉसन पीक पहिल्यांदा सर केलं. बोटीचा कप्तान होता बिल टिलमन, नंदादेवीवर 1936 मध्ये पोहोचलेला तोच.

शिवाय ‘चॅलेंजर’ या 1874 मध्ये येऊन गेलेल्या ब्रिटिश संशोधन जहाजाची एक हिमनदी आणि त्याचा कप्तान जॉर्ज नेअर्सची एक.

देणगीदार, सहप्रवासी आणि तिथे प्रत्यक्ष वर्ष काढलेली माणसं, असे तीन थर या नावांत दिसतात. मला तिसरा थर जवळचा वाटतो. ब्राउन हिमनदीला ब्राउन का म्हणतात? तर तो तिथे होता म्हणून. याहून चांगलं कारण मला सुचत नाही.

तिथे कोणी गेलं का? म्हणजे, मरण पावलं का?

हो. 26 मे 1952. अ‍ॅलिस्टेअर फोर्ब्स, रिचर्ड होझीसन आणि लॉरेन्स अ‍ॅटकिन्सन हे तिघे कोरिंथियन उपसागराच्या काठाने चालले होते. तिथे एका बाजूला बर्फाचा कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे चिंचोळी पुळण. ओहोटी साधून ती पटकन पार करायची असते. लाट आली आणि होझीसनला घेऊन गेली. उरलेले दोघे ओलेचिंब. किनाऱ्याने मार्ग नाही म्हटल्यावर ते हिमनदीवरून निघाले. दक्षिण गोलार्धातला मे म्हणजे हिवाळ्याचं तोंड, दिवस आखूड. फोर्ब्स गारठून वाटेतच गेला. अ‍ॅटकिन्सन कसाबसा तळावर पोहोचला.

दोघांच्याही नावाने हिमनद्या आहेत. पण त्या हर्डवर नाहीत. फोर्ब्स हिमनदी आणि होझीसन हिमनदी या दोन्ही दक्षिणेला अंटार्क्टिका खंडाच्या किनाऱ्यावर आहेत, जिथे दोघांपैकी कोणाला जायलाच मिळालं नाही. ज्या उपसागराकाठी ते गेले तिथल्या हिमनदीला मात्र अजून बाउडिसिनचं नाव.

आता नावं कोण ठरवतं? अर्ज करता येतो का?

1952 मध्ये ऑस्ट्रेलियाने अंटार्क्टिक नामकरण समिती नेमली. आता ते काम ऑस्ट्रेलियन अंटार्क्टिक विभागाची स्थलनाम समिती बघते. प्रस्ताव मांडता येतो, पण जागेला नावाची खरंच गरज आहे का आणि त्या व्यक्तीचा तिथल्या कामाशी संबंध काय, हे दाखवावं लागतं. ‘बाबांच्या एकसष्टीची भेट’ म्हणून हिमनदी मिळणार नाही. हे खरोखर विचारलं गेलं आहे.

हिमनद्या आटत आहेत का?

आटत आहेत. 1947 च्या हवाई छायाचित्रांपासून 2019 च्या उपग्रह चित्रांपर्यंतची तुलना ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी केली. बेटावरचा सुमारे 64 चौरस किलोमीटर बर्फ गेला, म्हणजे जवळपास 23 टक्के. याच काळात तापमान साधारण 0.7 अंश सेल्सिअस वाढलं. तिथे कारखाना नाही, गाडी नाही, चूलही नाही.

सगळीकडे सारखं झालेलं नाही. पूर्वेकडच्या हिमनद्यांना जास्त मार बसला. तिकडे शिखराच्या आडोशामुळे बर्फ कमी पडतो. स्टीफन्सन हिमनदी तर साडेपाच किलोमीटरहून जास्त मागे हटली. पहिली तुकडी आली तेव्हा ती समुद्रकिनाऱ्यापर्यंत होती. आज तिथे मोठं खारं तळं आहे आणि त्यात हिमनग तरंगतात.

हिमनदी संपली तर नावाचं काय?

नाव सरकतं. स्टीफन्सन हिमनदी मागे गेली, तर पुढ्यात उघडं पडलेलं पाणी स्टीफन्सन लगून झालं. ब्राउन हिमनदीच्या पुढे ब्राउन लगून. सासर बदलावं तसं नाव बर्फावरून पाण्यावर गेलं. आपल्याकडे वड नसलेलं वडगाव आणि पिंपळ नसलेलं पिंपळगाव काय कमी आहेत?

एखाद्या हिमनदीला भारतीय नाव आहे का?

हर्डवर नाही, पण अंटार्क्टिकावर आहे. भारताची पहिली मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहून डिसेंबर 1981 मध्ये निघाली आणि 9 जानेवारी 1982 ला पोहोचली. पहिला तळ उभा राहिला तेव्हा त्याला नाव दिलं दक्षिण गंगोत्री. हिमालयातल्या हिमनदीचं नाव थेट पृथ्वीच्या तळाला. तो तळ पुढे बर्फाखाली गाडला गेला, पण शिर्माखर टेकड्यांजवळ दक्षिण गंगोत्री नावाची हिमनदी आहे आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लोक तिचं टोक कुठवर आलंय हे वर्षानुवर्षं मोजत आले आहेत. या मोहिमांचा कारभार आजही गोव्यातूनच चालतो, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून.

हर्डला जाता येईल का? खर्च किती?

विमानतळ नाही, बंदर नाही, धक्का नाही. ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटलहून बोटीने सुमारे दोन आठवडे, तेही खवळलेल्या समुद्रातून. पोहोचल्यावर लाटा असतील तर उतरताच येत नाही. 1997 पासून हे बेट जागतिक वारसास्थळ आहे, म्हणून आगाऊ परवाना लागतो आणि बूट-कपडे बियांपासून स्वच्छ असावे लागतात. उंदीर, मांजर, ससा यांतलं काहीही या बेटावर आजवर रुजलेलं नाही आणि ते तसंच राहावं म्हणून ही शिस्त. खर्चाचं विचारू नका. ज्यांनी केला ते एकतर शास्त्रज्ञ होते, नाहीतर हौशी रेडिओवाले, आणि दोघांचेही पैसे आपल्या खिशातले नव्हते किंवा सगळेच आपल्या खिशातले होते.

तिथे आत्ता किती वाजले?

आपल्या घड्याळातून अर्धा तास वजा करा.